कॉम्पॅक्टवरनं डीएसएलआरवर जावं का? साताऱ्यातल्या फोटोंचा हिशोब

कास पठाराचा फुलांचा सीझन जवळ आला की कुणीतरी विचारतंच, माझ्याकडे साधा कॉम्पॅक्ट कॅमेरा आहे, आता डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घेऊ का. यंदा भाच्याने विचारलं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू. मी आधी बरीच वर्षं खिशातला छोटा कॅमेरा वापरला, मग डीएसएलआर घेतला, आणि छोटा अजून विकलेला नाही. का नाही ते खाली येईलच.

सगळ्यात मोठा फरक सेन्सरचा (आतला उजेड टिपणारा तुकडा), मेगापिक्सेलचा नाही. नेहमीच्या कॉम्पॅक्टचा सेन्सर साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटर म्हणजे नखापेक्षाही लहान, आणि सुरुवातीच्या डीएसएलआरचा साधारण २२ ते २३ बाय १५, क्षेत्रफळात बारा-तेरा पट. उन्हात अजिंक्यताऱ्यावरनं शहराचा फोटो काढलात तर मोबाईलच्या स्क्रीनवर कुणाला फरक कळणार नाही, खरंच नाही. पण मुलीचं गॅदरिंग शाहू कला मंदिरात होतं तेव्हा छोट्या कॅमेऱ्यात आयएसओ (कमी उजेडात वाढवायची संवेदनशीलता) ८०० च्या वर गेलं की चेहऱ्यांवर दाणे दाणे, आणि कमी ठेवला तर नाचणाऱ्या पोरींचे हात नुसते पुसल्यासारखे. पुढच्या वर्षी डीएसएलआरवर ३२०० ला काढले, घरात फ्रेम करून लावलेत. तेवढ्या एका कार्यक्रमासाठीसुद्धा मला पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

दुसरं म्हणजे वेग. छोटा कॅमेरा बटण दाबल्यावर फोकस मागेपुढे शोधत बसतो आणि तोवर क्षण गेलेला असतो, डीएसएलआरमध्ये फोकससाठी आरशाखाली वेगळे सेन्सर असतात त्यामुळे तो पटकन पकडतो. पळणारं पोर, उडणारा बगळा, कबड्डीची चढाई, इथे तुलनाच नाही. फक्त हे डोळा लावून बघितलं तरच, स्क्रीनवर बघून काढायला गेलात तर बऱ्याच स्वस्त किंवा जुन्या डीएसएलआरचा फोकस उलट हळू चालतो, आणि कॉम्पॅक्टवरनं येणाऱ्यांना स्क्रीनचीच सवय असते, त्यामुळे पहिला महिना चिडचिड होते.

आता जिथे छोटा जिंकतो ते. कासची फुलं! सीतेची आसवं, गेंद, ही फुलं किती बारीक असतात ते गेलेल्यांना माहितीये. कॉम्पॅक्टचा मॅक्रो मोड बऱ्याच मॉडेलमध्ये १ ते ५ सेंटीमीटरपर्यंत जवळ जातो, आणि सेन्सर लहान असल्यामुळे फुलाचा बराच भाग शार्प येतो. डीएसएलआरबरोबर मिळणारी १८-५५ एमएमची लेन्स (आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) साधारण २५ सेंटीमीटरच्या अलीकडे फोकसच करत नाही. म्हणजे चांगली रक्कम घालून पठारावर गेलात आणि फूल आधीपेक्षा लहान आलं असं होतं, माझं झालंय. वेगळी मॅक्रो लेन्स घेतली तर डीएसएलआर फार पुढे जातो, पण तो खर्च आधी धरा. (आणि कुठलाही कॅमेरा असो, वाट सोडून फुलांत पाय टाकू नका, प्लीज.)

झूमचं तसंच. ३० एक्स (तीस पट झूम) लिहिलेला कॉम्पॅक्ट साधारण ७२० एमएमइतका लांब बघतो, १८-५५ म्हणजे जेमतेम ३ एक्स. मायणीच्या तलावावर त्या लेन्सने पक्षी म्हणजे ठिपका. किमान ५५-२५० किंवा ७०-३०० लागते, आणि तरी ७२० होत नाही, फोटोचा दर्जा मात्र चांगला येतो.

वजन, अर्थात. बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) नि साधी लेन्स मिळून सहाशे-सातशे ग्रॅम, सज्जनगडच्या पायऱ्यांवर ते जाणवतं. बॅटरी उलट डीएसएलआरची लय चालते, दोन दिवस सहज.

आपल्याकडची खरी अडचण पावसाळा. दमट हवेत बॅगेत बंद ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते, माझी एक लेन्स एका पावसाळ्यात गेली, काचेच्या आत जाळं. तेव्हापासून हवाबंद डबा आणि सिलिका जेल. चाळकेवाडीच्या वाऱ्यात लेन्स बदलू नका, सेन्सरवर धूळ बसते आणि मग प्रत्येक आभाळात तोच डाग. कॉम्पॅक्टला लेन्स बदलायचीच नसते, त्यामुळे हे सगळं डोक्याला नाही.

पैशांचं माझं स्पष्ट मत आहे, बॉडी स्वस्तातली घ्या आणि उरलेले लेन्समध्ये घाला. कॅननला ५० एमएम एफ/१.८, निकॉनला ३५ एमएम एफ/१.८ (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त आत येतो), कमी उजेडात या साध्या लेन्सनी जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या बॉडीने पडत नाही. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, म्हणून लेन्स एएफ-एस, म्हणजे मोटर लेन्समध्येच असलेली, आहे ना बघून घ्या, नाहीतर हाताने फोकस करत बसाल. आणि कॅनन, निकॉन दोघांचंही लक्ष आता मिररलेसवर (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर) आहे, त्यामुळे नव्या डीएसएलआर लेन्सची वाट बघू नका, पण म्हणूनच सेकंडहँड माल भरपूर आहे.

तर फुलं, फिरणं, घरचे फोटो दिवसा उजेडी, एवढंच असेल तर आहे तो कॉम्पॅक्ट ठेवा. भाच्याला लग्नं आणि गॅदरिंगचे फोटो काढायचेत, त्याला मी सेकंडहँड बॉडी नि ५० एमएम सांगितलंय, आणि वर हेही: घेताना शटर काउंट (आतापर्यंत किती फोटो काढलेत तो आकडा) विचार, लेन्समधून मोबाईलचा टॉर्च मारून बुरशी बघ, आणि एफ/१६ ला मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढून डाग दिसतात का ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस.