नडगीच्या दुखण्यावर 11 आठवडे: साताऱ्यातील एका फिजिओथेरपी केंद्राचा अनुभव

गेल्या जूनमध्ये साताऱ्याजवळचा यवतेश्वर घाट धावत उतरताना माझ्या उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागले. सुरुवातीला पहिले दोन किलोमीटर दुखायचे आणि अंग गरम झाले की थांबायचे. तीन आठवड्यांत ते घरी आल्यावरही राहू लागले आणि जुलैत तर शाळेचा जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागू लागला. धावणारी मंडळी याला शिन स्प्लिंट्स म्हणतात, भरतीची तयारी करणारी मुले ‘नळ्या दुखतात’ एवढेच सांगतात. या दुखण्यासाठी मी साताऱ्यातील दोन ठिकाणी उपचार घेतले. हे परीक्षण त्यांपैकी दुसऱ्या ठिकाणाचे आहे. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाई एकट्याच सगळे काम पाहतात आणि नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे, म्हणून ते येथे देत नाही. मात्र त्यांची उपचाराची पद्धत इतकी तपशिलाने लिहिण्याजोगी आहे की, कोणत्याही गावातील धावणाऱ्याला आपल्याला मिळणारा उपचार तिच्याशी ताडून पाहता येईल.

पहिल्या ठिकाणाबद्दल थोडक्यात सांगते. तिथे 10 बैठकांचे 4,000 रुपये आगाऊ घेतले. रोज 20 मिनिटे पायाला यंत्र लावले जायचे, त्यानंतर शेक दिला जायचा. मी आठवड्याला किती धावते, कुठे धावते, बूट किती जुने आहेत, यांतला एकही प्रश्न त्या 10 दिवसांत कोणी विचारला नाही. यंत्र लावले की दोन-तीन तास बरे वाटे, त्या भरवशावर मी संध्याकाळी धावायला जाई आणि दुसऱ्या दिवशी दुखणे आदल्या दिवसापेक्षा वाढलेले असे.

दुसऱ्या केंद्रातील पहिली भेट 50 मिनिटे चालली आणि त्यातली पहिली 20 मिनिटे बाईंनी पायाला हातही लावला नाही. मागील सहा आठवड्यांचे धावणे त्यांनी दिवसवार लिहून घेतले. मी मे महिन्यात आठवड्याला 22 किलोमीटर धावत होते आणि सातारा हिल हाफ मॅरेथॉन डोळ्यांसमोर ठेवून तीनच आठवड्यांत ते 38 वर नेले होते, शिवाय त्यातले दोन दिवस घाटातले होते. हे आकडे एकाखाली एक लिहिले गेल्यावर मला माझे कारण दिसले. ती स्पर्धा 2012 पासून साताऱ्यात भरते आणि तिचा सगळा कस यवतेश्वरच्या चढ-उतारात आहे. त्यामुळे आमच्याकडचे बहुतेक जण पावसाळा सुरू होताच घाट गाठतात आणि चढण जमली की तयारी झाली असे समजतात. प्रत्यक्षात नडगीच्या हाडाला अधिक झळ उतरणीची बसते, कारण प्रत्येक पावलाला शरीर थांबवावे लागते आणि तो धक्का खालून वर जातो.

मग तपासणी झाली. बाईंनी अंगठा घोट्याच्या वरून नडगीच्या आतल्या कडेने हळूहळू वर सरकवत नेला आणि जिथे दुखले तिथे बॉलपेनने ठिपका काढला. असे करत शेवटी सात ठिपक्यांची एक रांग उमटली. शिंप्याकडची टेप लावून त्यांनी ती मोजली, ती 9 सेंटिमीटर भरली. त्यांनी समजावले की, दुखरा भाग असा लांबट, निदान 5 सेंटिमीटर पसरलेला असेल तर तो बहुधा शिन स्प्लिंट्सचा असतो; म्हणजे हाडावरचे आवरण आणि खुद्द हाड यांच्यावर झेपेल त्याहून जास्त ताण वारंवार पडलेला असतो. बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी तीव्र दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल किंवा त्या एका पायावर उडी मारताच कळ येत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यावी लागते. अशी चीर सुरुवातीच्या काही आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसतच नाही, त्यासाठी एमआरआय लागतो. नडगीच्या समोरच्या धारेवर एका बिंदूत दुखत असेल तर एक दिवसही न धावता हाडांच्या डॉक्टरांकडे जावे, हे त्यांनी दोनदा सांगितले. धावताना पोटरी दगडासारखी ताठ होऊन पाऊल बधिर पडणे हा आणखी वेगळा विकार आहे, त्याचीही चौकशी त्यांनी केली. माझ्याकडून एका पायावर दहा उड्या मारून घेतल्यावरच त्यांनी निदान सांगितले.

आणि त्याबरोबर दुसरी गोष्टही सांगितली, जी ऐकायला मी तयार नव्हते. “ताई, यंदाची स्पर्धा सोडा. दीड महिन्यात हे बसणार नाही.” मला रडू आवरेना, कारण प्रवेशशुल्क भरलेले होते आणि मैत्रिणींबरोबर वर्षभर ठरवलेले होते. तरीही आज मागे पाहताना या केंद्राला मी सर्वांत जास्त गुण या एका वाक्यासाठी देते. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासाचा दाखला त्यांनी दिला, तो मी नंतर स्वतः वाचला. हे दुखणे असलेल्या 74 खेळाडूंचे तीन गट केले होते. एका गटाने फक्त टप्प्याटप्प्याने धावणे वाढवले, दुसऱ्याने त्याला पोटरीच्या व्यायामांची जोड दिली, तिसऱ्याने तेच धावणे घट्ट कॉम्प्रेशन मोजे घालून केले. सलग 18 मिनिटे जोमाने धावता येईपर्यंत तिन्ही गटांना सरासरी 102 ते 118 दिवस लागले आणि गटांमध्ये म्हणावा असा फरक आढळला नाही. मी 900 रुपयांचे पोटरीवर चढवायचे घट्ट स्लीव्ह आधीच घेऊन बसले होते. बाईंनी ते फेकून द्या असे म्हटले नाही. घातल्याने बरे वाटत असेल तर घाला, पण त्यांच्या भरवशावर एक किलोमीटरही वाढवू नका, असे सांगितले. वेदनाशामक गोळी घेऊन धावायला जाण्यास मात्र सक्त मनाई केली.

उपचार म्हणून हाती आला तो एक कागद. त्यात पहिले दोन आठवडे धावणे पूर्ण बंद, पण सपाटीवर चालणे आणि सायकल चालू होती. दुखण्याला 0 ते 10 गुण द्यायचे, 2 पर्यंत चालेल, मात्र ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमले पाहिजे, ही एकच कसोटी पुढच्या सगळ्या टप्प्यांना लागू होती. व्यायामांत मुख्य भर पोटरीवर होता. टाचा उचलण्याचा व्यायाम सर्वांना ठाऊक असतो, पण तो बहुतेक जण गुडघा ताठ ठेवून करतात. धावताना जास्त भार उचलणारा पोटरीचा खोलातला स्नायू गुडघा वाकवून टाच उचलली तरच नीट कामाला लागतो, हे मला माहीत नव्हते. बाईंनी भिंतीला हात टेकवून, गुडघा थोडा वाकवून, टाच तीन अंक मोजत वर आणि तीन अंक मोजत खाली असे 15 वेळा करायला लावले तेव्हा अकराव्याला माझा पाय थरथरू लागला. घरी तिसऱ्या आठवड्यापासून पाठीवर मुलाच्या दप्तरात 5 किलो तांदूळ भरून मी हेच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर करत असे. भिंतीला पाठ टेकून पुढचे पंजे उचलणे, जमिनीवर टाकलेला पंचा पायाच्या बोटांनी गोळा करणे आणि कुशीवर प्लँक, म्हणजे कोपराच्या आधाराने शरीर सरळ उचलून धरणे, हे व्यायामही होते; ते साधे आहेत, त्यांवर अधिक लिहीत नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी धावणे सुरू झाले ते एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे असे आठ वेळा, दिवसाआड, तेही मातीच्या मैदानावर. या टप्प्यात त्या एकदा स्वतः मैदानावर आल्या, माझे पळणे बाजूने मोबाइलवर टिपले आणि जागेवरच संथ गतीने दाखवले. माझे पाऊल शरीराच्या बरेच पुढे, गुडघा ताठ असताना पडत होते. मिनिटाला माझी 158 पावले भरली. मोबाइलवरच्या मेट्रोनोमचा, म्हणजे ठरावीक लयीत वाजणारा, ठोका मिनिटाला 166 वर लावून प्रत्येक ठोक्याला एक पाऊल टाकत, पण वेग आधीचाच ठेवून धावायला सांगितले, म्हणजे पावले आपोआप आखूड झाली. पावलांची संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली तर प्रत्येक पावलामागे सांध्यांवर पडणारा भार घटतो, हे संशोधनातून पुढे आलेले आहे. पहिले चार दिवस मला ते पळणे कृत्रिम वाटले, धापही अधिक लागली. दहाव्या दिवसानंतर ठोक्याची गरज उरली नाही.

सातव्या आठवड्यात डांबरी रस्ता, नवव्यात चढण आणि सर्वांत शेवटी, अकराव्यात, उतरण असा क्रम होता. आठव्या आठवड्यात मी एका सकाळी उत्साहाने ठरल्यापेक्षा तीन किलोमीटर जास्त धावले आणि दुखणे 4 वर गेले. बाईंनी दटावले नाही, कागदावर एक टप्पा मागे नेला आणि पाच दिवसांनी पुन्हा बोलावले. अकराव्या आठवड्याच्या शेवटी मी 8 किलोमीटर सलग धावले आणि अंगठा नडगीवरून फिरवला तेव्हा एकच ठिपका काढावा लागला.

खर्चाचा हिशेब असा. पहिली भेट 600 रुपये, पुढची प्रत्येक 400 रुपये, एकूण सात भेटींचे 3,000 रुपये झाले. यंत्रे केंद्रात आहेत, पण माझ्यासाठी ती एकदाही वापरली नाहीत आणि त्यांचे पैसेही लावले नाहीत. शॉकवेव्हबद्दल, म्हणजे दुखऱ्या जागी यंत्राने धक्क्याच्या लहरी देण्याच्या उपचाराबद्दल, मी विचारले, तेव्हा त्याबाबतच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, आधी हे सगळे करून पाहा, असे उत्तर मिळाले.

उणिवा मात्र आहेत आणि त्यांतली एक गंभीर आहे. हाडावरच्या ताणाच्या दुखण्यात, विशेषतः बायकांच्या बाबतीत, पाळीची नियमितता, पोटात पुरेसे अन्न जाते की नाही, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांची चौकशी पहिल्याच दिवशी व्हायला हवी. कमी खाऊन जास्त धावणाऱ्या मुलींची पाळी थांबते आणि हाडे कमकुवत होतात, हे आता जाणकारांना चांगले माहीत आहे. येथे तो विषय चौथ्या भेटीत, मी स्वतः काढल्यावर निघाला. माझे ड जीवनसत्त्व तपासणीत कमी निघाले. ही चौकशी पहिल्या दिवसाच्या नोंदवहीत छापील असावी, असे मी बाईंना सांगितले आहे आणि त्यांनी ते मान्य केले आहे.

दुसरी उणीव त्या कागदाची. तो इंग्रजीत असतो. माझे त्यावाचून अडले नाही, पण बाकावर माझ्याशेजारी बसणाऱ्यांत निम्मी मुले-मुली पोलीस भरतीची तयारी करणारी असतात. मैदानी चाचणीत मुलांना 1,600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावायचे असते, त्यासाठी ती महिनोन्‌महिने पहाटे डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत, रोज पूर्ण ताकदीने पळतात. विश्रांतीचा दिवस घेणे म्हणजे मागे पडणे, असे त्यांच्या मनात पक्के बसलेले असते. एक मुलगी मला तो कागद वाचून दाखवा म्हणाली. मी तिच्या वहीत सगळे मराठीत उतरवून दिले, त्याला पंधरा मिनिटे लागली. ज्यांना या उपचाराची सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्या भाषेत तो कागद असणे अगत्याचे आहे. भरतीच्या मुलांकडून बाई निम्मेच पैसे घेतात, हेही नोंदवायला हवे.

वेळ फक्त संध्याकाळी 5 ते 8 असते आणि क्रमांक घेऊनही अर्धा-पाऊण तास थांबावे लागते. बसायला बाक एकच आहे.

कोणत्याही गावात अशा तपासणीसाठी जाणाऱ्यांनी धावण्याचे जुने बूट सोबत न्यावेत. माझ्या उजव्या बुटाची टाच आतल्या बाजूने किती झिजली आहे, हे टेबलावर ठेवल्यावरच माझ्या लक्षात आले. मागच्या सहा आठवड्यांचे धावणे तारखेनिशी लिहून न्यावे, गुडघ्यापर्यंत वर करता येईल अशी पँट घालावी आणि त्या दिवशी गोळी घेऊन जाऊ नये, नाहीतर दुखरी जागा अंगठ्याला सापडत नाही.