मोबाइलची क्लिपवाली मॅक्रो लेन्स: तुडतुडे बघायला झकास, पण नवी जात शोधायला घेत असाल तर थांबा

पाचपैकी साडेतीन स्टार, त्यातला अर्धा निव्वळ किमतीसाठी. सातशेच्या आत ऑनलाइन मिळाली, क्लिप, लेन्स, झाकण आणि एक कापडी पिशवी, बस. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, अशीच लेन्स दहा नावांनी विकतात आणि माल सगळा एकच दिसतो.

आम्ही रत्नागिरीकडचे, घरची हापूसची कलमं, त्यामुळे तुडतुडे म्हटलं की आमच्याकडे आधी शिवी निघते आणि मग फवारणीचा पंप. मोहोरातला रस पितात, खार (त्यांच्या अंगातून पडणारा गोड चिकटा) पडतो, खारावर काळी बुरशी धरते आणि फळधारणेची वाट लागते. पण नुसत्या डोळ्यांना तो किडा म्हणजे फांदीवरचा करडा ठिपका, जरा जवळ गेलं की टुणकन गायब. म्हटलं एकदा शत्रूचं तोंड तरी बघू, म्हणून घेतली.

आणि तोंड दिसतं राव! मागच्या पायाच्या नळीवर काट्यांची सरळ रांग असते, तुडतुड्याच्या कुळाची ती खूण, ती या लेन्समधून एकेक काटा मोजता येईल इतकी स्वच्छ दिसली. आंब्यावरच्या एका जातीला पाठीवरच्या त्रिकोणात तीन ठिपके आणि पंखांवर आडवा पांढरा पट्टा असतो, तोही दिसला. विदर्भातल्या मित्राला दिली तर त्याने कपाशीवरच्या हिरव्या तुडतुड्याच्या पंखांवरचे दोन काळे ठिपके टिपून पाठवले, आणि पिल्लं पानाच्या मागे खेकड्यासारखी तिरकी पळतात त्याचा व्हिडिओ पण.

आता तक्रारी. एक म्हणजे फोकस, डोकं स्पष्ट आलं की शेपटाकडचं धूसर, कारण एका वेळी फोकसमध्ये येणारी खोली अगदीच कमी मिळते. फोटोच्या कडांना जांभळी झालर येते. तीन कॅमेऱ्यांच्या फोनमध्ये अजून मजा, लेन्स तुम्ही मेन कॅमेऱ्यावर बरोब्बर बसवता आणि फोन जवळची वस्तू बघून परस्पर दुसऱ्याच कॅमेऱ्यावर उडी मारतो, ते ऑटो बदलणं सेटिंगमध्ये जाऊन बंद करावं लागतं नाहीतर डोकं फिरतं. किड्याच्या इतकं जवळ जावं लागतं की आपलीच सावली त्याच्यावर पडते, म्हणून बाजूने टॉर्च हवाच. किडा स्थिर राहावा म्हणून छोट्या बाटलीत घालून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायचा, गारठला की गप्प बसतो (आईला न सांगता, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवू नका).

माझा खरा राग जाहिरातीवर आहे. तिथे चक्क ‘संशोधनासाठी, नवीन जाती ओळखा’ असं लिहिलंय. अरे बाबांनो, जगात या एका कुळाच्या वीस हजारांवर जातींची नोंद आहे, आणि बाहेरून हुबेहूब सारखे दिसणारे दोन तुडतुडे वेगळ्या जातीचे निघू शकतात. फरक बहुतेक वेळा नराच्या जननेंद्रियांच्या आकारात असतो. म्हणजे नर पकडायचा, पोटाचं टोक कापून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवायचं, मांस विरघळलं की उरलेला कडक सांगाडा ग्लिसरीनच्या थेंबात घेऊन मायक्रोस्कोपखाली फिरवून फिरवून बघायचा, चित्र काढायचं, आणि मग म्युझियममधले जुने मूळ नमुने आणि जुने पेपर यांच्याशी ताडून बघायचं. यातलं काय होणार आहे या सातशेच्या भिंगातून?

युगांडातल्या किबाले जंगलातल्या फ्लोगिस किबालेन्सिस या तुडतुड्याचंच उदाहरण घ्या. इंग्लंडमधल्या अँग्लिया रस्किन युनिव्हर्सिटीचे डॉ. अल्विन हेल्डन विद्यार्थ्यांना घेऊन 2015 पासून तिथे जायचे, त्या कामातून हा सापडला आणि 2022 मध्ये बातमी जगभर गेली. साडेसहा मिमीचा जेमतेम, अंगाला धातूसारखी चमक, सगळीकडे बारीक खड्डे. इतकं आपल्या लेन्सलाही दिसलं असतं. पण नवी जात म्हणून त्याला पक्कं करण्यात नराच्या त्या अवयवांचा मोठा वाटा, त्यांचा काही भाग पानाच्या आकाराचा आहे. आणि या वंशातला याआधीचा नोंदलेला तुडतुडा 1969 चा, मध्य आफ्रिकन प्रजासत्ताकातला! म्हणजे ताडून बघायला हाताशी किती कमी असेल बघा.

आपल्याकडे पण हे काम चालतंच. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठातले सी. ए. विरक्तमठ सरांनी आयुष्य यात घातलं, आणि आंब्याच्या एका तुडतुड्याचं नावच इडिओस्कोपस नागपुरेन्सिस आहे, नागपूरकरांनी कॉलर ताठ करावी. भारतात नवी जात जाहीर केली तर नमुना सरकारने ठरवलेल्या संग्रहात जमा करणंही कायद्याने बंधनकारक आहे, नुसता फोटो दाखवून भागत नाही.

तर बागायतदार, कृषीची पोरं, पावसाळ्यात चादर-दिवा लावून किडे बघणारे हौशी लोक, यांनी बिनधास्त घ्या. वेगळा काही दिसला तर फोटोसोबत जागा, तारीख आणि कुठल्या झाडावर होता हे लिहून ठेवा, जमलं तर आयनॅचरलिस्टवर (प्राणी-झाडांचे फोटो टाकून ओळख विचारायची वेबसाइट) टाका, तिथे जाणकार निदान वंशापर्यंत तरी पोचवतात. फक्त काट्यांची रांगच बघायची असेल तर सोनाराचं दहापट भिंग स्वस्तात पडतं आणि बॅटरीही खात नाही.

क्लिपचं आतलं रबर मात्र एका उन्हाळ्यातच सैल पडलंय, लेन्स घसरते. सुटं रबर कुठे मिळत असेल तर खाली सांगा.