कास्टिंग स्टिक, नऊ महिन्यांनंतर: आधी वीज कुठून घेताय ते बघा

गेल्या आठवड्यात सासूबाईंचं कीर्तन एका संध्याकाळी चौथ्यांदा थांबलं. "अगं, परत गेलं बघ," म्हणून त्यांनी हाक मारली आणि मी ठरवलं, फोनवरून लावलेला व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारी ही स्टिक आता डब्यात भरायची. आज ती सुरळीत चालू आहे. दोष कुठे निघाला ते सांगते, निदान तुमचा पैसा आणि मनस्ताप तरी वाचेल.

आमचा टीव्ही २०१४ सालचा, ३२ इंची, साधा. चित्र अजून स्वच्छ येतं. चालता टीव्ही काढून स्मार्ट घेणं मनाला पटेना, म्हणून दिवाळीत तीन हजारांच्या आत ही स्टिक घेतली. त्याआधी मिराकास्टचं डोंगल वापरलं होतं. त्यात फोनचा पडदाच टीव्हीवर दिसतो. तासाभरात फोन तापायचा, कुणाचा कॉल आला की तोही टीव्हीवर झळकायचा, आणि ओटीटीवरचा सिनेमा लावला की नुसता काळा पडदा. कास्टिंगमध्ये फोन फक्त काय लावायचं ते सांगतो, व्हिडिओ स्टिक वायफायवरून स्वतः ओढते. कीर्तन लावून मी फोनसकट भाजी आणायला गेले तरी इकडे चालूच राहतं. या एका गोष्टीसाठी मी चार घरांत ही स्टिक घ्यायला लावली.

मे महिन्यात स्टिकचा अडॅप्टर काढून मुलाच्या फोनला दिला आणि वायर टीव्हीच्या यूएसबीत खोचली. एक प्लग मोकळा झाला, टीव्ही बंद केला की स्टिकही बंद, मला बरंच वाटलं. तेव्हापासून हा त्रास. व्हिडिओ दहा-पंधरा मिनिटं चालायचा, मग पडदा काळा आणि कंपनीचा लोगो.

हेल्पलाइनने तीन वेळा रीसेट करायला लावलं. दरवेळी वायफायचा पासवर्ड नव्याने टाकायचा. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "ताई, हे दुरुस्त होत नाही, नवीन घ्या." अहो, वॉरंटी एक वर्षाची आहे! त्यांच्यापैकी एकानेही विचारलं नाही की स्टिकला वीज कुठून देताय. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

शेवटी टीव्ही भिंतीपासून ओढून टॉर्च मारला. यूएसबीच्या खाली बारीक अक्षरात छापलंय: ५ व्होल्ट, ०.५ अँपिअर. अडॅप्टरवर १ अँपिअर. म्हणजे निम्मीच वीज. वायफाय आणि चिप दोन्ही जोरात चालायला लागले की अर्धा अँपिअर पुरत नाही, स्टिक बंद पडते आणि पुन्हा सुरू होते. अडॅप्टर परत लावला. आज आठ दिवस झाले, एकदाही थांबली नाही.

स्टिक वाईट म्हणून तीन जणांना सांगून बसले होते, त्यांना फोन करून शब्द मागे घेतला. सर्व्हिसबद्दलचं मत मात्र तेच आहे. घरातल्या दुसऱ्या फोनवरून चालू कार्यक्रम बंद होऊ शकतो, तेही मला आवडत नाही, पण सेटिंगमध्ये ते बंद करता येतं.

जुन्या टीव्हीला लावणार असाल तर आधी यूएसबीखालचा आकडा वाचा. अडॅप्टरसाठी प्लग कमी पडला तर एक्स्टेन्शन बोर्ड दीडशे-दोनशेला मिळतो. आमच्या अडॅप्टरवर आता पांढरी चिकटपट्टी आहे, सासूबाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: "काढू नये."