राजहंसगड की कणकुंबी?

“दोस्त पहिल्यांदाच डोंगरात पळणार, कुठं नेऊ?” धाकट्यानं विचारलं.

राजहंसगडाला बेळगावातून पहाटे निघालात तर नाश्त्याला घरी. येळ्ळूरकडून चढ छातीवर येतो खरा, पण गडापर्यंत डांबरी रस्ता आहे. दम लागला तर चाला. साधे बूटही चालतात.

खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला अर्धा दिवस जातोच. मलप्रभेचा उगम, लाल चिखल, आणि जळवा! गेल्या जुलैत मोजा काढला तर घोट्यावर तीन टम्म फुगलेल्या, त्या सोडवायचं मीठ मात्र गाडीत राहिलेलं. बुटाच्या तळाला खोल खाचा नसतील तर घसरलातच. शिवाय शेजारी भीमगड अभयारण्य, अस्वलांचा मुलूख. मोठ्यानं गप्पा मारत पळायचं, आणि जंगलातली वाट वनखात्याला विचारल्याशिवाय धरायची नाही.

दोस्त नवखा, म्हणजे गडच. दोघंही मुरलेले असाल तर कणकुंबी, तीही दिवाळीनंतर.