'क्लेम लावू नका' म्हणाले, अन् माझ्याच नावानं क्लेम उचलला

आधी आकडे सांगतो. मोटारसायकलच्या दुरुस्तीचे १४,८५० रुपये मी वर्कशॉपला रोख मोजले. त्याच दुरुस्तीपोटी माझ्या पॉलिसीवर १३,९४० रुपयांचा क्लेम पास झाला आणि ते पैसे थेट वर्कशॉपच्या खात्यात गेले. एका मोटारसायकलच्या एका दुरुस्तीवर त्या वर्कशॉपवाल्यानं २८,७९० रुपये कमावले. आणि मला काय सांगितलं होतं? "भाऊ, क्लेमच्या भानगडीत पडू नका, तुमचंच नुकसान होईल."

वर्कशॉपचं, विमा कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. तक्रार चालू आहे आणि वकिलानं तसं बजावलं आहे. पण हा प्रकार एकट्या माझ्यासोबत झाला असेल यावर माझा विश्वास नाही, म्हणून लिहितो आहे.

जानेवारी २०२५. कापूस जिनिंगला देऊन संध्याकाळी पांढरकवडा रस्त्यानं परत येत होतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दिवस मावळल्यावर रस्त्यात रोही (नीलगाय) नाहीतर रानडुक्कर आडवं येणं ही काही नवलाची गोष्ट नाही. रोही आडवा आला, ब्रेक दाबला, गाडी घसरत जाऊन पुलाच्या कठड्याला धडकली. मला गुडघ्याला टाके पडले, बाकी निभावलं. गाडीचे समोरचे शॉकअप वाकले, हेडलाइटचा चुरा झाला, हॅन्डल, मडगार्ड, दोन्ही इंडिकेटर गेले, लेगगार्ड आत घुसला.

गावातल्या मिस्त्रीनं ६,२०० रुपये सांगितले. पण तो माणूस प्रामाणिक. म्हणाला, "शॉकअपचे पाईप प्रेसवर सरळ करून देतो, पण त्याचा भरोसा मी देत नाही. नवेच टाकाल तर बरं." माझी पोरगी त्याच गाडीवर मागं बसून कॉलेजला जाते. समोरचे पाईप उद्या दगा देतील अशी गाडी मी तिच्यासाठी वापरणार नव्हतो. म्हणून तालुक्याला गाडीच्या कंपनीचा बोर्ड असलेल्या वर्कशॉपमध्ये नेली. कोणी म्हणेल, ६,२०० मध्ये काम भागत होतं, हौस कशाला? ही हौस नव्हती.

माझा विमा पूर्ण होता, हेही सांगून ठेवतो. गाडी २०२१ च्या धनतेरसला घेतली. तेव्हापासून दरवर्षी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग वेळेवर रिन्यू केला, एक दिवसही पडू दिला नाही. (आपल्याकडं हजारो लोक समजतात की नव्या गाडीसोबत पाच वर्षांचा विमा मिळतो म्हणजे पाच वर्षं सगळं भरून मिळतं. नाही मिळत. पाच वर्षं असते ती फक्त थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याचं नुकसान. आपल्या गाडीचं कव्हर पहिल्याच वर्षी संपतं. आजच आपला कागद काढून बघा.)

काउंटरवर मी पहिल्यांदा हेच म्हटलं, "फुल इन्शुरन्स आहे, क्लेम करायचा आहे." पॉलिसी, आरसी, लायसन्स, तिन्हीच्या झेरॉक्स काउंटरवाल्यानं ठेवून घेतल्या. मग अगदी घरच्या माणसासारखा बोलायला लागला. एक, क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बुडेल, पुढल्या वर्षी हप्ता डबल. दोन, पोलीस पंचनामा लागेल, गाडी ठाण्यात जमा होईल, महिनाभर सुटायची नाही. तीन, घसारा (सामान जुनं झालं म्हणून होणारी कपात) कापून हातात निम्मेही येत नाहीत. "त्यापेक्षा रोखीत करा, मी डिस्काउंट लावून देतो." तिन्ही गोष्टींत खऱ्याचं थोडं मिश्रण होतं, म्हणून पटल्या. सरसकट खोटं कोणालाही ओळखू येतं.

आता हिशेब ऐका. हा हिशेब मला त्या दिवशी कोणीतरी सांगायला पाहिजे होता. नो क्लेम बोनस हा संपूर्ण हप्त्यावर नसतो, फक्त स्वतःच्या नुकसानीच्या भागावर असतो. माझा तो मूळ भाग ७८० रुपये. बोनस पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. माझा त्या वर्षी ४५ टक्क्यांवर जायचा होता, म्हणजे ३५१ रुपये. पुढची दोन-चार वर्षं बोनस पुन्हा चढेपर्यंत आणखी काही शे रुपये धरा. चारचाकीवाल्यानं बोनस जपावा, त्याचे हजारो असतात. दुचाकीवाल्याला बोनसची भीती घालणारा माणूस एकतर अडाणी आहे नाहीतर चोर.

घसारा खरा आहे. प्लास्टिक आणि रबराच्या सामानाला ५० टक्के कापतात. लोखंडी सामानाला गाडीच्या वयाप्रमाणे, तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के. मजुरीला घसारा नाही. वर दुचाकीला १०० रुपये सक्तीची कपात. माझ्या १४,८५० च्या बिलात लोखंडी सामान ७,४००, प्लास्टिक ४,९००, मजुरी २,५५०. म्हणजे क्लेम सरळ लावला असता तर मला १०,४५० रुपये मिळाले असते आणि माझ्या खिशातून ४,४०० गेले असते. ३५१ रुपयांची भीती दाखवून माझे १०,४५० घेतले.

आणि पंचनामा? दुसऱ्या कोणाला लागलेलं नाही, दुसऱ्या गाडीचं नुकसान नाही, अशा लहान क्लेमला विमा कंपन्या बहुतेक वेळा एफआयआर मागतच नाहीत. लागतं ते एवढंच की गाडी खोलायच्या आधी कंपनीला कळवायचं. तेही स्वतःच्या फोनवरून.

आता ज्या गोष्टीनं मला अजून झोप लागत नाही ती सांगतो. १,५०० रुपये ॲडव्हान्स भरला, रोखीचं ठरलं, मी बाजूच्या बाकड्यावर बसलो होतो. एक पोरगं आलं. हॅन्डलच्या खाली, उजव्या बाजूला, जिथं चेसिस नंबर कोरलेला असतो तिथली धूळ त्यानं फडक्यानं पुसली. मग पांढऱ्या कागदाची पट्टी त्यावर दाबून धरली आणि पेन्सिल आडवी धरून घासत गेलं. कागदावर एकेक अक्षर, एकेक आकडा पांढरा उमटत गेला. पट्टी कापून फाइलला चिकटवली. नंतर चारी बाजूंनी फोटो, मीटरचा फोटो, तुटक्या हेडलाइटजवळ नंबरप्लेट दिसेल असा फोटो. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. रोखीनं काम करणाऱ्या माणसाच्या गाडीचा पेन्सिल छाप कशाला लागतो? तो लागतो विम्याच्या फाइलला. मी पाहत होतो आणि मला वाटलं, कंपनीचं वर्कशॉप आहे, इथं पद्धतशीर काम चालतं! गावच्या मिस्त्रीकडं असं काही नसतं म्हणून उलट बरंच वाटलं.

मग "जॉब कार्डसाठी ओटीपी येईल, सांगा भाऊ." सांगितला. आज काहीही घ्यायला गेलं तर ओटीपी मागतात, गॅसला मागतात, सिमकार्डाला मागतात. मग तीन ठिकाणी सह्या. वरच्या कागदावर गाडीचा नंबर आणि कामाची यादी होती, खालचे कागद दुमडलेले. गुडघ्याला टाके असलेला माणूस उभ्यानं सही करतो तेव्हा दुमडलेला कागद उघडून बघत नाही. त्या कागदांत कोरा क्लेम फॉर्म होता आणि काम समाधानकारक झाल्याचं पत्र होतं, हे मला दहा महिन्यांनंतर कळलं.

गाडी मिळाली, उरलेले १३,३५० दिले. बिल मागितलं तर छापील बिल "जीएसटी वाढेल" म्हणून दिलं नाही, वहीतल्या पानावर हातानं लिहून दिलं. काही दिवसांनी एक फोन आला, हिंदीतून बाई बोलत होती. गाडी मिल गई? काम से संतुष्ट हैं? मी हो म्हटलं. वर्कशॉपचा फोन समजलो. तो विमा कंपनीचा होता, आणि तेच रेकॉर्डिंग आज माझ्या तोंडावर मारतात.

पावसाळ्यात समोरून ऑइल गळायला लागलं. मिस्त्रीनं शॉकअप खोलला, पाईप कापडानं पुसून उजेडात फिरवला आणि मला बोट लावून बघायला सांगितलं. मधोमध हलकीशी लचक बोटाला लागत होती. "भाऊ, हे नवे नाही. तुमचेच जुने हायेत, प्रेस मारून पॉलिश केले." म्हणजे ज्या पाईपांसाठी मी गावचं गॅरेज सोडून तालुक्याला गेलो, तेच पाईप बदलले नव्हते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑनलाइन केंद्रावर पॉलिसी रिन्यू करायला गेलो. पोरगा म्हणाला, "काका, बोनस शून्य येऊन राहिला. मागच्या साली क्लेम घेतला ना तुम्ही?" मी म्हटलं, नाही. त्यानं स्क्रीन फिरवून दाखवली. १३,९४० रुपये, पास, अदा.

वर्कशॉपमध्ये गेलो तर तो काउंटरवाला सोडून गेल्याचं सांगितलं. मालक म्हणाला, "सही तुमची, ओटीपी तुमचा, आम्ही काय करणार?" जिल्ह्याच्या मुख्य डीलरकडं गेलो, तर म्हणाले, ते वर्कशॉप सबडीलरचं, त्याच्या व्यवहाराची जबाबदारी आमची नाही. बोर्डावर नाव एकच, गाडीची पूजा करून फोटो काढताना नाव एकच, पैसे खाल्ले की दुकानं दोन!

विमा कंपनीचं जिल्ह्यात ऑफिसच नाही. कस्टमर केअरला दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी, आणि शेवटी, "सर, हमारे रिकॉर्ड में क्लेम संतोषजनक सेटल हुआ है." मराठी बोलणारं माणूस द्या म्हटलं तर लाइन होल्डवर. विमा भरोसा या विमा नियामकाच्या तक्रार पोर्टलवर तक्रार घातली, कंपनीनं तिथंही तेच उत्तर चिकटवलं. मग क्लेमची सगळी फाइल लेखी मागितली, तेव्हा बिल दिसलं, २०,१४० रुपयांचं. त्यात नवे शॉकअप पाईप आहेत. टाकी बदलल्याचं आहे. माझी टाकी शोरूममधून आली तीच आहे, तिच्यावर पोरीनं लावलेलं स्टिकर अजून आहे! फोटोवरून पैसे देणाऱ्या कंपनीला दुरुस्तीनंतरचा एक फोटो मागता येत नाही?

आणि पोलीस ठाणं. जमादारानं अर्ज वाचलाही नाही. "हा दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा." मी म्हटलं, खोटं बिल आहे, खोटी टाकी आहे, यात दिवाणी काय? तर म्हणे, "तुम्ही गाडी दुरुस्त कराले दिली, त्यानं करून दिली. क्लेमचे पैसे कंपनीचे गेले. तुमचं काय गेलं?" माझं काय गेलं! माझ्या पॉलिसीवरचा, माझ्या हप्त्यानं विकत घेतलेला हक्क गेला. माझी सही चोरली. उद्या कंपनी म्हणाली की खोटा क्लेम तुम्हीच घेतला, तर गुन्हेगार मी ठरणार, कारण कागदावर नाव माझं आहे. हे सांगितलं तर म्हणाले, कंपनीला तक्रार द्यायला लावा. कंपनीला म्हटलं तर ते म्हणाले, एफआयआरची प्रत पाठवा, मग बघू. ठाणं कंपनीकडं बोट दाखवतं, कंपनी ठाण्याकडं, आणि माझी वेचणीची मजुरी, एसटीचं भाडं, झेरॉक्सचे पैसे माझ्याच खिशातून. पोच मागितली तर साहेब आल्यावर या. साहेब आले तर बंदोबस्तात. शेतकऱ्याच्या १३ हजारांसाठी कोणाला वेळ नाही. तोच शेतकरी हेल्मेटशिवाय सापडला की पावती पाच मिनिटांत तयार होते.

शेवटी वकिलानं रस्ता दाखवला. ठाण्यात एफआयआर घेत नाहीत तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तोच अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवता येतो. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे, अर्जात जुनं ४२० लिहू नका, तेवढ्यावरूनही परत पाठवतात. स्पीड पोस्टानं पाठवला, पावती जपून आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, तिथं वर्कशॉप आणि विमा कंपनी दोघांनाही पार्टी केलं आहे. आयोगात न जाता त्याऐवजी विमा लोकपालाकडंही (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी) जाता येतं, फी नाही, पण आधी कंपनीला लेखी तक्रार देऊन महिनाभर उत्तराची वाट पाहावी लागते. आपल्या विदर्भाचं काम पुण्याच्या कार्यालयाकडं आहे. अर्ज ऑनलाइन जातो, तेवढ्यासाठी गाडीभाडं खर्चू नका.

गाडी पडली की पहिला फोन पॉलिसीवर छापलेल्या नंबरला करा, वर्कशॉपला नंतर. ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचून घ्या, इंग्रजी येत नसेल तर घरातल्या पोरांना वाचायला लावा. त्यात कोणाचा ओटीपी आहे ते लिहिलेलं असतं, माझ्याही मेसेजात होतं. छापील बिल मिळाल्याशिवाय शेवटची रक्कम देऊ नका. काढलेलं जुनं सामान रोखीच्या कामात आपलं असतं, पोत्यात भरून घरी आणा. मी आणलं असतं तर वाकडे पाईप त्यात नाहीत हे त्याच दिवशी दिसलं असतं. आणि बिल जर हजार-दीड हजाराचं असेल, नुसतं इंडिकेटर-आरसा फुटला असेल, तर क्लेम खरंच लावू नका, घसारा कापून हाती काही उरत नाही. पण शॉकअप, रिम, चेसिसला मार असेल तर कोणाचंही न ऐकता लावा.

यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडं ज्यांनी विमा असून रोखीनं गाडी दुरुस्त केली आहे, त्यांनी विमा कंपनीच्या नंबरवर फोन करून एवढंच विचारावं की माझ्या पॉलिसीवर क्लेम झाला आहे का. झाला असेल तर क्लेम फाइल आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा, विमाधारकाला ती मागता येते. मग माझ्याशी बोला. माझ्या अर्जांच्या, आयोगातल्या तक्रारीच्या झेरॉक्स मी फुकट देतो. एकाचा अर्ज ते वैयक्तिक वाद म्हणून बाजूला टाकतात, चार-पाच जणांचे अर्ज एकाच दिवशी अधीक्षकांच्या टेबलावर गेले तर तसं म्हणता येणार नाही.