कानडी बाँड न वाचता सही केली आणि कर्जाची पिकअप गळ्यात पडली

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला आमची चार एकर भातशेती आणि थोडी रताळी. सुगीत मळणी मशीन एका वाडीहून दुसऱ्या वाडीला टोचन करून न्यायचं, रताळ्याची पोती बेळगावच्या एपीएमसीत पोचवायची, जूनमध्ये खत आणायचं. दर खेपेला भाडं परवडेना, म्हणून गेल्या दिवाळीआधी जुनी डिझेल पिकअप घेतली. आमच्या भागातल्या आणखी दोघांना गाडी विकणाऱ्या त्याच माणसाकडून तसाच कानडी बाँड मिळाल्याचं मागाहून कळलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडी एमएच 09, म्हणजे कोल्हापूर पासिंगची. 2018 ची बोलेरो पिकअप, 2523 सीसीचं इंजिन. विकणारा बेळगावातला, जुन्या गाड्यांचा धंदा करणारा. "दादा, मालकाच्या घरी लग्न काढलंय, म्हणून देतोय. आरटीओची एनओसी, ना-हरकत पत्र, पंधरा दिवसांत आणून देतो की, मग केए 22, बेळगाव पासिंग, करून घ्या." भाव ठरला 5 लाख 40 हजार. घरच्या बांगड्या पतसंस्थेत गहाण ठेवून पैसे उभे केले.

बघायला गेलो तेव्हा बॉनेटला हात लावला तर गरम. आताच धुऊन आणली म्हणाला. डिझेल गाडी रात्रभर थंड पडल्यावर सकाळी पहिल्या चावीला कशी उठते, धूर किती सोडते, हे बघायला पाहिजे होतं, ते राहिलंच. खालून चॅसीला नवा काळा रंग चकाकत होता. मला वाटलं, मालकाने गाडी जपलेली दिसते.

मग बाँड. स्टॅम्पपेपरवर कानडीत टाइप केलेला, दोन पानी. मला कानडी बोलायला चांगलं येतं, बाजारात रोजच बोलतो. पण शाळा मराठी, अक्षरं लागत नाहीत. "काय नाही, नेहमीचा फॉर्मॅट आहे," असं म्हणत त्याने पेन हातात दिला. वाचून दाखवा म्हणायला मला संकोच वाटला. तिथेच बुडालो. सोबत कर्ज फिटल्याच्या पत्राची झेरॉक्स दिली, गोल शिक्का मारलेली.

तीन आठवड्यांनी जांबोटी रस्त्याच्या चढावर, मागे मळणी मशीन असताना, खालून कट् असा आवाज आला. उतरून बघितलं तर केबिन आणि हौद्यातली फट डाव्या बाजूला बोटभर जास्त. मेस्त्रीने गाडीखाली जाऊन स्क्रू ड्रायव्हर घासला तसा तो काळा रंग सालीसारखा सुटून आला. आत वेल्डिंगची जाड, ओबडधोबड रेघ, आणि तिच्या कडेने नवी चीर. "आधी मोडून जोडलीय ही. स्प्रिंगचे पाटे बघा, दोन जादा घातलेत. दगडी चिरे नाहीतर वाळू वाहिलीय हिच्यात." मग त्याने इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडलं. फक् फक् करत निळसर धूर वर आला. पिस्टन रिंगा गेल्या होत्या. झाकण मला विकत घ्यायच्या दिवशीही उघडता आलं असतं.

एनओसी काही येईना. मी कोल्हापूरच्या आरटीओत जाऊन आलो. गाडीवरचा फायनान्सचा बोजा तसाच होता. कर्ज असलं की फॉर्म 28 वर फायनान्सवाल्यांची संमती लागते, ती नसेल तर एनओसी निघत नाही. बोजा उतरवायला फॉर्म 35 आणि फायनान्सचं पत्र लागतं. मला मिळालेली झेरॉक्स त्या कंपनीची नव्हतीच. गाडीवर बोजा आहे की नाही हे एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की दिसतं. पाच मिनिटांचं काम होतं. दुसऱ्या राज्याची गाडी 12 महिन्यांहून जास्त ठेवायची तर इकडचा नंबर घ्यावा लागतो आणि इथला टॅक्सही भरावा लागतो. म्हणजे एनओसीशिवाय ती गाडी माझ्या नावावर कधीच होणार नव्हती.

वसुलीवाले दारात आले तेव्हा मी विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "बाँड वाचा की दादा." मुलगी नववीत आहे, तिला कानडी विषय आहे. तिला वाचायला बसवलं. चौथ्या कलमावर ती थांबली. "पप्पा, साल म्हणजे कर्जच ना? इथे लिहिलंय, गाडीवरचं सगळं साल घेणाऱ्याने फेडायचं." तिने मोठ्याने वाचलं आणि मला शब्द न् शब्द कळला. त्याच्या दुकानात कुणी असंच वाचून दाखवलं असतं तर मी तिथूनच उठून आलो असतो.

पोलिसात तक्रार दिली आहे. वकिलांनी सांगितलं, जुन्या गाड्यांच्या डीलरला 2023 पासून आरटीओचं फॉर्म 29बी चं प्रमाणपत्र लागतं. ते मी मागितलंच नव्हतं. स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली गाडी असल्याने बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगातही दावा घातला. त्याला दोन वर्षांची मुदत असते. 5 ते 10 लाखांच्या व्यवहाराला फी 200 रुपये. गाडी फायनान्सवाल्यांनी नेली. बांगड्या अजून पतसंस्थेत आहेत, व्याज चालू आहे.

मुलीने त्या बाँडच्या प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने बारीक अक्षरात मराठी लिहून दिलंय. खानापूर, निपाणी किंवा चंदगडकडच्या कुणाकडे असा दोन पानी कानडी बाँड असेल, तर आजच्या आज घरातल्या शाळकरी पोराकडून चौथं कलम मोठ्याने वाचून घ्या.