कालव्यावर एक दिवस: लँगॉलेन की बाथ?

आई-बाबा पुण्याहून आले की एक दिवस नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली लांब, अरुंद होडी, भाड्याने घ्यायचा बेत इथे ब्रिटनमधल्या बऱ्याच मराठी घरांत ठरतो. मग अडतं ते कुठे जायचं यावर: वेल्सच्या सीमेवरचा लँगॉलेन कालवा, की बाथजवळचा केनेट अँड एव्हन? मी दोन्ही केलेत. उन्हाळ्यात दोन्हीकडे होड्यांची रीघ असते, पण गर्दीची जात वेगळी आहे. लँगॉलेनवर थांबावं लागतं, बाथकडे रांगावं लागतं.

लँगॉलेन कालव्यावरच्या ट्रेव्हर गावाहून निघालं की लगेचच पोंटकसल्टे जलसेतू, म्हणजे कालवाच नदीवरून नेणारा पूल, लागतो. टेलफर्ड आणि जेसप या अभियंत्यांनी बांधलेला, १८०५ साली खुला झालेला, ३०७ मीटर लांब आणि डी नदीपासून ३८ मीटर उंच. बिडाच्या पन्हळीतून एका वेळी एकच होडी जाते, त्यामुळे समोरून कोणी येत असेल तर अलीकडेच ताटकळायचं. पुढे चर्कच्या ४२१ मीटरच्या बोगद्यातही तेच. आतून दिवा दिसला तर शिरायचं नाही.

पुलावर पायवाटेच्या बाजूला कठडा आहे. दुसऱ्या बाजूला पन्हळीची कड पाण्याच्या वर वीतभरही नाही, आणि तिच्यापलीकडे थेट दरी. सुकाणू धरून मागे उभं राहिलं की पायाखालची होडी हवेतून चालल्यासारखी वाटते. आईने रामरक्षा सुरू केली होती. अर्ध्यावर थांबली आणि खडकांवरून फेसाळत जाणारी डी बघत राहिली. तिचा तो चेहरा मी विसरणार नाही.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. या कालव्यात डी नदीचंच पाणी सोडलेलं असल्याने त्याला ओढ आहे. ट्रेव्हरहून चर्ककडे प्रवाहाबरोबर जाता, परतताना प्रवाहाविरुद्ध. वेळेवर होडी परत करायची तर येतानासाठी जास्त वेळ हाताशी ठेवा.

बाथ ते ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनच्या पट्ट्यात काठाला बांधलेल्या होड्या संपता संपत नाहीत. वेगमर्यादा ताशी चार मैल, पण त्यांच्याजवळून जाताना इंजिन अगदी मंद करायचं. ती लोकांची घरं आहेत: टपावर लाकडं, सायकली, फुलझाडांच्या कुंड्या. आमची होडी जरा जोरात गेली तेव्हा एका आजींनी खिडकीतून हात खाली-वर करून ‘हळू’ अशी खूण केली. आतला त्यांचा चहा हिंदकळला असणार. फार ओशाळायला झालं. इथले डंडास आणि ॲव्हनक्लिफ हे जॉन रेनी या अभियंत्याने बांधलेले दगडी जलसेतू रुंद, भक्कम कठड्यांचे आहेत. भीती वाटत नाही. मधे लॉक, म्हणजे होडी वर-खाली करणारी पाण्याची दारं, एकही नाही. मनात आलं की थांबा, दशम्या-चटणी काढा, काठाने चाला.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून आगगाडी थेट बाथला साधारण दीड तासात सोडते. ट्रेव्हरला स्टेशनच नाही, रुआबन किंवा चर्कला उतरावं लागतं, म्हणून कार हवी. मँचेस्टर-बर्मिंगहॅमवाल्यांना मात्र तेच सोयीचं.

लहान मुलं किंवा उंचीची धास्ती असलेलं कोणी बरोबर असेल तर मी बाथच सांगेन. पण घरातल्यांची तयारी असेल तर ट्रेव्हरच. शाळेच्या सुट्ट्या टाळून, मे किंवा सप्टेंबरमधला आठवड्यातला एखादा कामाचा वार धरा आणि सकाळी लवकरात लवकर मिळेल ती वेळ घ्या.